इंग्लंड: उतारावरच्या शेडची उंची 2.5 मीटरपेक्षा जास्त भरतेय?

इंग्लंडमध्ये हद्दीपासून 2 मीटरच्या आत शेड असेल, तर त्याची उंची 2.5 मीटरच्या वर गेली की नियोजन परवानगी लागते. आमचं परसू उताराचं. खालच्या टोकाला टेप लावली की 2.7 भरायचं, आणि कौन्सिलचं पत्र आलं. फोटो पाठवले, विक्रेत्याचं ‘परवानगी लागत नाही’ हे पत्रही जोडलं, उपयोग शून्य. डोकं उठलं होतं.

जमलं ते असं. आधी घराच्या मूळ मंजुरीतल्या अटी वाचल्या, कारण नव्या वसाहतींत परवानगीशिवाय शेड बांधायची ही सवलत कधीकधी काढून घेतलेली असते. आमची शाबूत होती. मग शेडला लागून असलेल्या सर्वांत उंच नैसर्गिक जमिनीपासून उंची मोजली; कायद्यात ती तिथूनच धरतात. 2.42 भरली. (वरून टाकलेला भराव धरायचा नाही!) उताराचा छेद दाखवणारं नकाशाचित्र आणि हद्दीपासूनचं अंतर जोडून ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’साठी (बांधकाम कायदेशीर असल्याचा कौन्सिलचा दाखला) अर्ज केला. ते मिळालं, प्रकरण मिटलं.

बांधकाम नियम वेगळे: 15 चौ.मी.पर्यंत आणि झोपायची सोय नसेल तर सहसा सूट. आत वीज नेलीत, तर तिचे नियम आणखी निराळे.