ठोकळ्यांचा खेळ : या चुका टाळा

मूल ठोकळे रचतंय, मनोरा कलतो आणि आपला हात आपसूक पुढे जातो. माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच. पडू द्या. पडल्यावर मूल पुन्हा रचतं, कधीतरी मोठा ठोकळा खाली घेऊन बघतं, आणि तोल म्हणजे काय ते त्याच्या हातांना कळतं. आपण सावरून दिलेल्या मनोऱ्यातून त्याला यातलं काहीच मिळत नाही. रडू आलं तर जवळ घ्या, पण मनोरा उभारायचं काम त्याचंच राहू द्या.

मनोरा दर वेळी दुसऱ्याच ठोकळ्याला कोसळत असेल, तर आधी खाली काय अंथरलंय ते बघा. गादीवर, गोधडीवर तोल राहत नाही. उघडी फरशी किंवा लाकडी पाट उत्तम.

‘हे काय केलंस? घर का?’ हा प्रश्नही घाईचा. दीड वर्षाचं मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे नेतं, डब्यात टाकतं, ओततं. मग रांगा आणि मनोरे येतात, पुढे दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवून पूल, मग चारी बाजूंनी बंद कुंपण. ‘हे आमचं घर’ असं नाव बहुतेकदा त्यानंतर येतं. तोवर दिसतंय ते बोला : ‘आडवा ठेवलास, खालून वाट झाली बघ.’ वर, खाली, मधे, अर्धा हे शब्द असेच रुजतात.

महागडा संच हवाच असं नाही. मापं मात्र जुळायला हवीत. बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या एका संचात एकच घन आठ सारख्या छोट्या घनांत कापलेला असे. अमेरिकी शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी बनवलेल्या ठोकळ्यांत दोन छोटे मिळून एक मोठा होतो. अपूर्णांकाची ओळख इथेच, पाटी-पेन्सिलीच्या कितीतरी आधी. सुताराकडून उरलेल्या लाकडाचे असे तुकडे कापून घ्या आणि कुसळ लागणार नाही इतके पॉलिश पेपरने घासा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तोंडात मावतील असे तुकडे नकोत.

दहा मिनिटांत ‘चल, आवर आता’ म्हणू नका. रचना पाटावर असेल तर पाटासकट कोपऱ्यात सरकवा; उद्या मूल तिथूनच पुढे सुरू करेल.

आणि भातुकली मुलींची, ठोकळे मुलग्यांचे, ही वाटणी कृपा करून करू नका. दोन्ही एकाच टोपलीत ठेवा. तीन ठोकळ्यांची चूल होते, तिच्यावर पातेलं बसतं का हे बघायला दोघंही वाकतात.