वजन उतरवायला सोमवारपासून सुरू करायचं असेल तर रविवारीच काय काय करून ठेवायचं

घरून काम आणि घरातच लहान मुलं, अशा आईबाबांसाठी हे लिहितोय. माझं वजन 2020 ते 2023 मध्ये 74 वरून 87 किलोवर गेलं होतं आणि गेल्या दीड वर्षात ते हळूहळू 79 वर आलंय, त्यात जिम नाही की कसली पावडर नाही. एक गोष्ट मात्र पक्की कळली, सकाळी अकरा वाजता कॉल चालू असतो, पोटात कावळे ओरडत असतात, त्या वेळी माणूस नीट विचार करून काही ठरवूच शकत नाही, जे हाताशी असेल ते तोंडात जातं. म्हणून हाताशी काय असणार हे आधी ठरवून ठेवायचं, तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. खाली जे सांगतोय ते सगळं त्या अकरा वाजायच्या आधीचं आहे.

सगळ्यात आधी, जेवणात काही बदल करायच्या आधी, एकदा रक्त तपासून घ्या. उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल, थायरॉइड, आणि शाकाहारी असाल तर बी12 नक्की. थायरॉइडचा त्रास असेल आणि तो माहीतच नसेल तर महिनाभर जीव तोडून सगळं करूनही काटा हलत नाही आणि माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो. शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बदलू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. आणि वजनकाट्यासोबत शिंप्याचा टेप आणून ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता कंबर मापायची. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर आणि बायकांसाठी 80 ही सीमा धरतात, त्यापुढे गेलं की पोटाच्या आतली चरबी वाढलीय असं समजायचं. बीएमआयचंही (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) तसंच, भारतीयांसाठी 23 च्या पुढे वजन जास्त आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, नेटवरच्या बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये 25 आणि 30 हे आकडे असतात त्यावर जाऊ नका. माझी कंबर 101 निघाली होती आणि तोपर्यंत मी पँटचा साइझ बघून 34 इंच आहे असंच धरून चाललो होतो.

मग एक कागद घ्या आणि घराचं वेळापत्रक लिहा, ऑफिसचं नाही, घराचं. आमच्याकडे मुलीची व्हॅन सात दहाला येते, बायको नऊला बँकेत जाते, धाकट्याची बालवाडी साडेनऊ ते साडेबारा, आई घरी असते पण तिचे गुडघे दुखतात त्यामुळे पळापळ माझ्याकडे. माझी टीम न्यूयॉर्कची, त्यामुळे खरे कॉल संध्याकाळी. या कागदावर आठवडाभर फक्त एवढंच लिहायचं की भूक नसताना कधी खाल्लं. काय खाल्लं, किती कॅलरी, काही नको, फक्त कधी. माझ्या तीन वेळा निघाल्या, अकराचा चहा, मुलांचं जेवण आटोपल्यावर ओट्याजवळ उभं राहून, आणि रात्री शेवटचा कॉल संपल्यावर. तुमच्या वेगळ्या निघतील, पण निघतील दोन-तीनच, आणि सगळी तयारी त्या दोन-तीन जागांसाठीच करायची आहे, दिवसभराचा कारभार बदलायला जाऊ नका.

यातली मधली वेळ सगळ्यात अवघड आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. मुलांच्या ताटातलं उरलेलं. धाकट्याला मी पोळीचे तुकडे करून, वर तूप, वरण-भात कालवून द्यायचो, तो चार घास खाऊन पळायचा, आणि ताटात अर्धी पोळी, दोन घास वरणभात, बटाट्याच्या तीन फोडी. अन्न टाकायचं नाही हे लहानपणापासून आपल्या हाडात मुरलेलं आहे आणि ते चांगलंच आहे, पण म्हणून ते रोज दोनदा माझ्या पोटात जायचं, माझं जेवण झालेलं असताना. तूप लावलेली अर्धी पोळी आणि दोन घास तूपभात म्हणजे सहज दीडशे कॅलरी, दोन वेळचे तीनशे, आणि साधारण 7700 कॅलरी जास्तीच्या झाल्या की एक किलो चरबी चढते, असं गणित करून बघा, महिन्याला किलोभर होतं. आता काय करतो, तर मुलांना आधी ताटात पाव पोळी आणि एक चमचा भात एवढंच वाढायचं, लागलं तर परत मागू दे. आणि एक छोटा झाकणाचा स्टीलचा डबा ओट्यावर ठेवलाय, उरलं की लगेच त्यात, झाकण लावून फ्रीजमध्ये, पाच वाजता त्याला भूक लागते तेव्हा तेच गरम करून त्याचं त्याला. अन्न वाया जात नाही आणि माझ्याही पोटात जात नाही. आईला हे पटायला पंधरा दिवस लागले, तिला वाटायचं लेकराला शिळं देतोय, पण दुपारचं संध्याकाळी म्हणजे शिळं नाही हे तिला सांगितलं आणि आता तीच डबा भरते.

रविवारची स्वयंपाकघरातली तयारी. मटकी किंवा मूग रविवारी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवा, सोमवारी संध्याकाळपर्यंत छान मोड येतात आणि ते डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले की मंगळवार-बुधवारची सोय होते. मोडाला उशीर होतो म्हणूनच हे आधी करायचं, कारण बुधवारी दुपारी बाराला आठवून काही उपयोग नसतो, मग आपण बटाट्याची भाजी करतो किंवा बाहेरून मागवतो. प्रोटीनकडे आपल्या घरात लक्षच नसतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशोबाने मोठ्या माणसाला किलोमागे साधारण 0.83 ग्रॅम रोज लागतं, म्हणजे 75 किलोच्या माणसाला 62 ग्रॅम, आणि पातळ वरणाच्या एका वाटीत पाच-सहा ग्रॅम पण जेमतेम असतं. एका अंड्यात सहा, मूठभर फुटाण्यात सहा, वाटीभर घट्ट उसळीत आठ-नऊच्या आसपास, असं जोडत जायचं. ज्या दिवशी दुपारच्या जेवणात उसळ किंवा दोन अंडी असतात त्या दिवशी पाच वाजता मला चिवड्याची आठवण होत नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्यात शंकाच उरली नाही. काकडी, गाजर, मुळा धुऊन पुसून ठेवा पण चिरू नका, चिरलेलं मऊ पडतं आणि मग कोणी खात नाही. पेरू-केळी टोपलीत टेबलावर, डोळ्यांसमोर.

डोळ्यांसमोर यावरून डब्यांचं सांगतो. फरसाण, खारी, क्रीमची बिस्किटं हे घरात आणायचंच नाही असं लहान मुलं असलेल्या घरात जमत नाही, आणि जमवायला गेलं तर मुलं दुसऱ्याकडे जाऊन दुप्पट खातात. आम्ही ते काचेच्या बरण्यांतून काढून स्टीलच्या डब्यात घातलं आणि वरच्या फळीवर ठेवलं, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही. बरण्यांत आता फुटाणे, शेंगदाणे, कुरमुरे आहेत.

तेलाचं एक काम, ते दोन मिनिटांचंच आहे. नवीन कॅन उघडला की त्यावर मार्करने तारीख लिहा, संपला की बघा किती दिवस गेला. आमच्या घरात पाच माणसं, पैकी दोन लहान, आणि पाच लिटर 21 दिवसांत संपत होतं. एका मोठ्या चमच्यात सव्वाशे कॅलरी असतात आणि फोडणी देताना आपण कॅनमधून अंदाजे ओततो. फोडणीच्या तेलाला वेगळी छोटी बरणी आणि त्यात एक ठरलेला चमचा, बस. आता 34-35 दिवस जातो आणि चवीत फरक पडलाय असं घरात कोणी म्हटलेलं नाही.

चहाचंही लिहून बघा, दिवसाला चार कप, कपात दोन चमचे साखर, चमच्याला पाच ग्रॅम धरले तर 40 ग्रॅम, आणि डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, सांगते की शक्यतो 25 च्या आत ठेवा. एकदम बंद करू नका, डोकं दुखतं आणि चिडचिड मुलांवर निघते. दोनाचा दीड, मग एक, दर आठवड्याला अर्धा चमचा असं उतरा.

हालचालीसाठी वेगळा तास मिळेल ही आशा सोडा, लहान मुलांच्या घरात तो मिळत नाही. आठवड्याला 150 मिनिटं जरा दम लागेल असं चालणं हे डब्ल्यूएचओचं कमीत कमी सांगणं आहे, ते तुकड्यातुकड्यात केलं तरी चालतं. व्हॅनपर्यंत मुलीला सोडलं की तिथूनच वीस मिनिटं भरभर चालून मग घरी, त्यासाठी एकच तयारी, स्लिपर घालून खाली जायचं नाही, बूट रात्रीच दाराशी. ज्या कॉलमध्ये नुसतं ऐकायचं असतं तो इअरफोन लावून गॅलरी ते हॉल फिरत. आणि आपली जुनी शतपावली, जेवणानंतर दहा मिनिटं चाललं की जेवणानंतरची शुगर कमी चढते हे आता अभ्यासांतूनही दिसलेलं आहे. पण नुसत्या चालण्यावर थांबू नका, आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताण पडेल असं काहीतरी हवंच, नाहीतर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. मी पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन घेऊन उठबशा आणि भिंतीला हात लावून पुशअप असं सुरू केलं, आता जमिनीवरचे 12 होतात. सूर्यनमस्कार मुलगी मोजते, चुकले तर परत पहिल्यापासून करायला लावते. रविवारी पुण्यातली पर्वती टेकडी, 103 पायऱ्या, धाकटा अर्ध्यात कडेवर येतो आणि 14 किलोचं पोरगं घेऊन चढणं हा चांगलाच व्यायाम आहे.

कामाचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून असेल तर आजच फिरवा. लॅपटॉपसमोर जेवायचं नाही, पंधरा मिनिटं का होईना पण ताट घेऊन मुलांबरोबर बसायचं, आणि ते ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये रीतसर ब्लॉक करून टाका.

घरच्यांशी आधी बोलून घेणं हे पण तयारीतच धरा. बायकोला नीट सांगितलं की मला येताना वडापाव आणू नकोस, आईला सांगितलं की आग्रह करू नकोस, मी उपाशी नाहीये. चार किलो उतरल्यावर आई म्हणायला लागली किती वाळलास रे, काही होतंय का, तेव्हा तिला रक्ताचे रिपोर्ट शेजारी बसून वाचून दाखवले, एचबीएवनसी 6.1 वरून 5.6, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. उपवासाच्या दिवसाचंही तिच्याशीच ठरवलं, कारण एकादशी दुप्पट खाशी तसं आमच्याकडे होत होतं, साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर वेफर्स. आता खिचडी एक वाटी, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक.

मुलांसमोर काय बोलायचं हे मात्र मनापासून विनवून सांगतो. मी जाड झालोय, पोट बघ किती सुटलंय, असं त्यांच्यासमोर म्हणायचं नाही, त्यांच्या मित्रमैत्रिणींबद्दल तर कधीच नाही. माझ्या मुलीने, सात वर्षांची आहे, एक दिवस शाळेत निघताना आरशात बघून विचारलं, बाबा माझं पोट पण सुटलंय का. ते वाक्य तिने माझ्याकडूनच उचललं होतं. त्या दिवसापासून घरात शब्द बदलले, दम लागू नये म्हणून, गुडघे दुखू नयेत म्हणून, तुझ्याबरोबर पळता यावं म्हणून. वजनकाटाही बेडरूमच्या कपाटात गेला. मुलांच्या वजनाची काळजी वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, ते वयाप्रमाणे उंची-वजनाचा तक्ता बघून सांगतात, स्वतःच्या मनाने मुलांचं खाणं तोडू नका, ती वाढत असतात.

मी वजन बुधवारी सकाळी करतो, पोट साफ झाल्यावर, आठवड्यातून एकदाच, आणि आकडा कॅलेंडरवर लिहितो. रोज केलं तर पाणी, मीठ, झोप यानेच किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, बायकांना पाळीच्या आसपास तर हमखास, आणि उगाच मन खचतं. महिन्याचा उतार बघा, आठवड्याला अर्धा किलो म्हणजे भरपूर, माझा तर पाव किलोपण नव्हता.

मूल आजारी पडलं किंवा ऑफिसात रिलीजची, म्हणजे काम पूर्ण करून द्यायची, वेळ आली की हे सगळं कोलमडतं, त्यासाठी वाईट आठवड्याची वेगळी छोटी यादी करून फ्रीजवर लावा. माझ्या यादीत फक्त तीन ओळी आहेत, मुगाची खिचडी आणि ताक, व्हॅननंतरची वीस मिनिटं, आणि रात्री बाराच्या आत झोपायला जाणं. बाकी सगळं त्या आठवड्यापुरतं माफ.

आणि शेवटी रात्रीचं. न्यूयॉर्कचा सकाळी नऊचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसहाला असतो, तेव्हा आठपर्यंत मोकळा होऊन मी सगळ्यांबरोबर जेवायचो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि सगळं एक तास पुढे सरकतं, साडेसातला कॉल सुरू, संपेपर्यंत मुलं झोपलेली, आणि मग मी एकटा, अंधारात, दमलेला, फ्रीजसमोर. माझ्या वजनाची वाढ नोव्हेंबर ते मार्च याच महिन्यांतली आहे हे कॅलेंडरवरचे आकडे बघितल्यावर कळलं. त्यामुळे आता नोव्हेंबर लागला की जेवण कॉलच्या आधी, सात वाजता, मुलांच्या पंगतीत, बायको आली की तिच्याबरोबर नुसतं ताक घेऊन बसतो. कॉलनंतरसाठी कपभर हळदीचं दूध झाकून ठेवलेलं असतं, बिनसाखरेचं, आणि स्वयंपाकघरातला दिवा मुलं झोपली की आई बंद करून टाकते.