आपल्या आळीचं प्रदर्शन कसं मांडावं

बडोद्याचं मोठं संग्रहालय कामाटीबागेत आहे. इमारत १८९४ ची, लगतचं चित्रदालन लोकांना खुलं झालं १९२१ साली. तिथे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी देशोदेशीचं जे जमवलं ते बघायला मिळतं, आणि ते बघावंच. मी सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजी शिकले. हा विभाग १९५२ पासून चालू आहे, त्यामुळे संग्रहालयाचं शास्त्र या गावाला नवं नाही. पण दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ इथल्या घरांतून जे माळ्यावर पडलं आहे, ते कुठल्याच दालनात नाही. ते मांडायचं तर आपल्यालाच मांडावं लागेल. शाळेचा हॉल, मंगल कार्यालयाची एखादी खोली, देवळाची ओसरी, काहीही चालतं.

पहिलं म्हणजे विषय लहान धरा. ‘बडोद्यातले मराठी लोक’ असा विषय घेतलात तर नुसती फोटोंची भिंत तयार होते. ‘आमच्या आळीतल्या शाळेत गेलेल्या पहिल्या मुली’ हा विषय एका खोलीत मावतो. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. ज्या घरांत कुणा बाईने कधी पाटी हातात धरली नव्हती, तिथल्या मुलीही हुकुमाने शाळेत गेल्या. त्यांच्या नाती आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांना सगळं आठवतंय तोवर जा.

घरी गेल्यावर ‘हे किती जुनं?’ हा प्रश्न विचारू नका. ‘शंभर-दीडशे वर्षं असेल’ एवढं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. वस्तू त्यांच्या हातात द्या. मग विचारा, हे कोण वापरायचं? कुठे ठेवलेलं असायचं? कुणी हात लावला की ओरडा बसायचा? एका आजींकडे फणीकरंड्याची पेटी होती, आरसा तडकलेली. आरशाबद्दल विचारलं, तर बोलता बोलता त्यांनी तळाची फळी सरकवली. खाली चोरकप्पा. त्यांची आई माहेरची पोस्टकार्डं त्यात ठेवायची, कारण आपल्याला वाचता येतं हे तिने सासरी बरीच वर्षं कळू दिलं नव्हतं. पेटी म्हणाल तर अशा पेट्या जुन्या बाजारात ढिगाने मिळतात. प्रदर्शनात ठेवायची ती ही गोष्ट, आणि ती आजींच्याच शब्दांत. म्हणून वस्तू उचलायच्या आधी मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. पंखा बंद ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका, आणि सुरुवातीलाच ‘हे बोलणं लोकांना ऐकवलं तर चालेल ना?’ हे विचारून त्यांचं उत्तरही रेकॉर्ड होऊ द्या. नातवंडं मध्येच दुरुस्त्या सांगायला लागली तर त्यांचं म्हणणं वेगळं टिपा, आजींचं वाक्य बदलू नका.

नोंदवही पहिल्या वस्तूपासून सुरू करा. क्रमांक, वस्तू, मालकाचं नाव, कुठे तुटली-फुटली आहे, आणल्याची तारीख, परत द्यायची तारीख. क्रमांक सुती नाडीच्या चिठ्ठीवर लिहून वस्तूला सैल बांधा. वस्तूवर काही चिकटवायचं नाही. पावती दोन प्रतींत, सह्या दोघांच्या, आणि देणाऱ्यासमोरच चारही बाजूंनी फोटो.

आता जपणुकीबद्दल, कारण हौसेने नेमकं इथेच नुकसान होतं. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखीत करू नका. इतक्या वर्षांचा हात लागून आलेला रंग एकदा गेला की गेला. जुन्या फोटोला, दाखल्याला लॅमिनेशन कधीही नको. उष्णता आणि गोंद दोन्ही कागदाला मारतात. सेलोटेपही नको. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, भिंतीवर प्रत लावा आणि मूळ फोटो त्याच दिवशी घरी पोचवा. पैठणी किंवा शेला घडी घालून ठेवलात तर घडीवर जर तुटते. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेलं मलमल गुंडाळा आणि त्यावर साडी सैल गुंडाळा. कापड, कागद आणि जलरंग यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. मोबाइलच्या अॅपवर त्याचा अंदाज येतो. खिडकीचं ऊन तर अजिबातच नको. पावसाळ्यात बडोद्याची हवा इतकी दमट असते की कागदाला बुरशी धरते, तेव्हा दिवाळी ते संक्रांत हा काळ धरा. मोडीतले कागद मिळाले तर वाचणारा माणूस शोधा आणि तोवर ते मांडू नका. अंदाजाने लिहिलेली ओळ पुढे खरी म्हणून फिरते.

लेबल साठ शब्दांच्या आत, अक्षर ठसठशीत, मराठी आणि गुजराती दोन्हींत. आपल्या शेजारणी गुजराती आहेत आणि त्यांच्याही आज्या त्याच शाळांत बसल्या. चौकटीचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर येऊ द्या. बसून बघणाऱ्यांसाठी काही गोष्टी टेबलावर ठेवा, आणि खोलीत दोन खुर्च्या हव्यातच.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. अभिमानाच्या प्रदर्शनातून दुखरा भाग गाळू नका. ज्या संस्थानाने बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली, त्याच संस्थानात १९१७ साली ते नोकरीवर आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावलं. कामाटीबागेतली संकल्पभूमी त्याच दिवसांची आठवण आहे. शिक्षणाचा विषय मांडताना शाळेत कुणाला वेगळं बसवलं, कुणाच्या पाटीला कुणी शिवलं नाही, हे त्या त्या घरांत जाऊन विचारा. त्यांनी सांगितलं तर ते मुख्य भिंतीवर लावा, कोपऱ्यात नको. त्यांना सांगायचं नसेल तर आग्रह करू नका.

प्रदर्शनाच्या दिवसांत वस्तू देणाऱ्या घरातलं कुणीतरी त्या वस्तूजवळ बसलेलं असावं. लोक लेबल वाचतात, पण प्रश्न माणसालाच विचारतात. दाराशी एक वही ठेवा, ‘तुमच्या घरी काय आहे?’ एवढाच प्रश्न वर लिहून. नाव आणि फोन लिहिणाऱ्यांना त्याच आठवड्यात फोन करा, कारण इथली जुनी घरं झपाट्याने पाडली जात आहेत आणि पाडताना सामान भंगारात जातं.

वस्तू परत करताना सुरुवातीचे फोटो समोर धरून एकेक बाजू दाखवा, पावतीवर परतीची सही घ्या, आणि रेकॉर्डिंगची प्रत पेन ड्राइव्हवर त्या घरी द्या. दुसरी प्रत आणि नोंदवहीची झेरॉक्स कुठल्या तरी सार्वजनिक ग्रंथालयात ठेवायची लेखी परवानगीही त्याच वेळी मागा.