भोपळ्याची कळी गळायलीय? आधी फूल उघडून बघा

श्रावण लागला की आमच्या परभणीत दर दुसऱ्या घरी हीच तक्रार, वेल पार मांडवभर पसरलाय, पिवळी फुलं रोज दहा-बारा उमलायलीत पण भोपळा एक धरंना, बारकी कळी येती आणि चार दिवसांत पिवळी पडून गळून जाती. मग कुणी म्हणतं नजर लागली, कुणी मूठभर युरिया टाकतं. युरियाचं तर नावच काढू नका, त्यानं पानं माजतात आणि फळाची फुलं अजून कमी होतात. बऱ्याचदा वेलाला काही झालेलं नसतं, पराग (नर फुलातली पिवळी पूड) जाग्यावर पोचत नाही एवढंच, आणि ते काम आपल्याला हातानं करता येतं. फक्त फुलात काय कुठं असतं ते ओळखता आलं पाहिजे.

त्यासाठी आधी अंगणातलं साधं पाच पाकळ्यांचं जास्वंद तोडा (गेंदेदार नको, त्यात काही नीट दिसत नाही). देठाजवळची हिरवी वाटी म्हणजे निदलं, कळी असताना आतलं सगळं तीच झाकून धरती. पाकळ्या किड्यापाखरांना लांबून दिसाव्यात म्हणून रंगीत. मधून लांब दांडी निघती, तिच्यावर बारके पिवळे मणी दिसतात ते परागकोश, म्हणजे नराचा भाग. आणि दांडीच्या अगदी टोकाला पाच मखमली ठिपके असतात ती कुक्षी, पराग इथंच चिकटला पाहिजे. आता दांडी नखानं उभी चिरा, आत दोऱ्यासारखा पांढरट धागा खाली जाताना दिसतो, आणि त्याच्या बुडाशी अंडाशय, ज्याच्यात बीजांडं, म्हणजे पुढं बी होणारे बारके दाणे असतात. एकाच फुलात नर-मादी दोन्ही. कपाशी ह्याच खानदानातली, म्हणून तिचं बरंचसं काम तिचं तीच भागवून घेती.

भोपळ्याचं तसं नाही. वेल एकच पण नर फूल वेगळं, मादी वेगळी. नराचा देठ लांब, बारीक आणि सरळ. मादीच्या फुलाखाली सुपारीएवढा भोपळा आधीपासूनच असतो, ते अंडाशय. सुरुवातीला बरेच दिवस नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरायचं काम नाही. त्याची भजी करा, पण सगळी तोडू नका.

आता मुख्य काम. संध्याकाळी वेलात फिरून टोकाला पिवळसर झालेल्या कळ्या हेरून ठेवा, त्या दुसऱ्या दिवशी उमलतात. सकाळी लवकर जायचं, ऊन चढलं की फूल मिटतं. ताजं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या ओरबाडून टाका, मधी पिवळा खांब उरतो. त्याला बोट लावून बघा, हळदीसारखी चिकट पूड बोटाला आली पाहिजे, नाही आली तर दुसरं फूल घ्या. मग मादी फुलात वाकून बघा, मधी तीन फुगीर जाड पाकळ्यांसारखं दिसतं ती कुक्षी. त्या तिन्हीवर खांब हलक्या हातानं फिरवायचा, घासायचं नाही. जमलं तर दोन नर फुलं वापरा.

तिन्हीवर का तर, चिकटलेला एकेक पराग कोंब फुटल्यासारखा बारीक नळी काढतो, ती खाली अंडाशयात उतरती आणि एका परागातून एक बी धरतं. एका बाजूला पराग कमी पडला तर त्या बाजूला बिया कमी आणि भोपळा तिकडून वाकडा. शेजारच्या काकूंना हे दाखवलं तेव्हा त्या म्हणल्या, "अगं म्हणजे गेल्या साली माझं फळ वाकडं झालं ते ह्याच्यानंच की." ह्या वर्षी त्यांनी स्वतः केलं आणि महालक्ष्म्यांना घरचा भोपळा निघाला.

पावसाची झड लागली असंल तर काम झाल्यावर फुलावर कागदी पुडी उलटी घाला, नाहीतर पराग धुवून जातो. आणि सकाळच्या वेळी औषध अजिबात फवारू नका, त्याच वेळी मोहोळाच्या माशा फुलात असतात. त्या टिकल्या तर हे हातानं करायची पाळीच येत नाही, त्या टिकत नाहीत हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त मनाला लागती.

दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांना दिवेलागणीला करायचं, बाकी रीत तीच.

जालन्याकडं बियाण्याच्या प्लॉटवर बाया हेच करतात, संकरित कपाशीसाठी संध्याकाळी कळीतले पुंकेसर (परागकोश धरणारे बारके दांडे) नखानं काढून टाकायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल त्याच्यावर फिरवायचं. किती बारकाईचं काम आहे ते, एक परागकोश जरी राहिला तरी बी बिघडतं.

भोपळ्याचं बी घरीच धरायचं असंल तर संध्याकाळी नर आणि मादी दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्यानं बांधून ठेवा, सकाळी सोडून पराग लावा आणि मादीचं तोंड परत बांधा, नाहीतर शेजारच्या वेगळ्या जातीचा पराग माशी आणून टाकती. ह्या वर्षीच्या फळाला काही होत नाही, पण पुढच्या साली त्या बीचा भोपळा भलताच निघतो. बांधलेल्या देठाला रंगीत चिंधी लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी तोच आधी तोडून भाजीला नेतं.