इशारा पातळी कुठे ठेवायची?

पावसाळ्यात कोल्हापूरकराच्या मोबाईलवर दर थोड्या वेळाने एक आकडा येतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फुटांवर आहे, त्याचा. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. शाळकरी पोरालाही पाठ असतं. आमच्याकडे सर्व्हरवर नजर ठेवायच्या, म्हणजे मॉनिटरिंगच्या, कामावर नवीन कुणी आलं की मी पहिल्या दिवशी त्यांना हेच दोन आकडे विचारते. मग विचारते, ३९ ची बातमी आली की चिखली-आंबेवाडीची माणसं काय करतात? जनावरं आणि सामान हलवायच्या तयारीला लागतात. ४३ ची वाट बघत बसत नाहीत. हे ज्याला कळतं, त्याला आमचं निम्मं काम आधीच येत असतं.

मी राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमचे ग्राहक म्हणजे गावोगावच्या दूध संस्था. सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी पुन्हा तेवढाच वेळ संकलन चालतं. दूध मापलं, फॅट लागली, पावती निघाली, रक्कम सभासदाच्या नावावर चढली. त्या पावतीमागे आमचा सर्व्हर असतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पहाटे एका सचिवांचा फोन आला. "ओ मॅडम, मशीन चालू हाय, पन पावती येईना झालीया. हितं लाईन लागलीया बघा." मी लॅपटॉप उघडला. पिंग जात होता, म्हणजे सर्व्हर हाकेला ओ देत होता, मुखपृष्ठ उघडत होतं, पडद्यावर सगळे दिवे हिरवे. मी सांगितलं, "आमच्याकडून सगळं चालू आहे." ते खरं नव्हतं. वीस मिनिटांनी डिस्क बघितली तर शंभर टक्के भरलेली. कुणीतरी तपासणीसाठी तपशीलवार लॉग, म्हणजे सर्व्हरच्या प्रत्येक हालचालीची नोंद, चालू केला होता आणि बंद करायचा राहून गेला होता. पान उघडत होतं, कारण ते नुसतं वाचायचं होतं. पावती मात्र डेटाबेसमध्ये लिहावी लागते आणि लिहायला जागाच नव्हती. तोवर सचिवांनी वही काढली होती. दूध थांबत नाही.

त्या दिवसापासून मी मशीनकडून नाही, रांगेतल्या माणसाकडून बघायला लागले. आता आमच्याकडे दर मिनिटाला एका चाचणी संस्थेच्या नावाने खरीखुरी पावती काढून बघितली जाते. ती निघाली नाही किंवा तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर फोन वाजतो. प्रोसेसर किती टक्के कामात आहे हे त्यानंतरचं. गूगलच्या अभियंत्यांनी रूढ केलेली चार मोजमापं नव्या माणसाने पाठ करावीत: उत्तराला लागणारा वेळ, येणारी गर्दी, चुकांचं प्रमाण आणि क्षमता कितपत भरत आली. यातला वेळ आणि चुका रांगेतल्या माणसाला थेट जाणवतात, म्हणून मी त्यांना आधी धरते.

आता पातळी कुठे ठेवायची ते. "डिस्क ८० टक्के भरली की इशारा" हा नियम जवळजवळ सगळीकडे दिसतो, आणि मला तो पटत नाही. दोन टीबीच्या डिस्कवर ८० टक्क्यांनंतरही चारशे जीबी शिल्लक असतात. वीस जीबीच्या डिस्कवर फक्त चार. पंचगंगा ३६ फुटांवर आहे एवढं कळून भागत नाही. तासाला किती इंच चढतेय, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडलेत, हे आपण लगेच विचारतो. तेच सर्व्हरला विचारायचं. सर्व्हरची मोजमापं गोळा करणाऱ्या प्रोमिथियस या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रेडिक्ट लिनियर' नावाचं फंक्शन आहे: गेल्या सहा तासांचा वेग घेऊन, याच वेगाने गेलं तर चोवीस तासांत जागा संपेल का, हे ते सांगतं. त्या पहाटेच्या आदल्या दिवशी दुपारीच याने हाक मारली असती.

राधानगरीचे दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, पण उघडले की खालच्या गावांना कळवलं जातं. आपोआप दुरुस्ती बसवताना हे विसरू नका. सेवा बंद पडली की ती स्वतःहून सुरू होते, छान. पण रात्रीतून चाळीस वेळा सुरू झाली आणि कुणालाच पत्ता नाही, असं मी बघितलं आहे.

इशारे वाढले की काय होतं, त्यासाठी आपल्याकडे म्हण तयारच आहे: रोज मरे त्याला कोण रडे. आमच्याकडे एकेकाळी दिवसाला शेकडो मेल यायचे आणि सगळ्यांनी ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून दिले होते. एका महिन्यात मी प्रत्येक नियमासमोर एक ओळ लिहायला बसले: हा वाजला तर कोण, काय करणार? जिथे ओळ सुचली नाही तो नियम काढला. बहात्तरातले एकोणीस उरले.

९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे तीस दिवसांत साधारण ४३ मिनिटं बंद. ऐकायला चांगलं वाटतं. पण ही ४३ मिनिटं दुपारी दोनला गेली तर कुणाचं काही बिघडत नाही, सकाळी सहाला गेली तर शंभर गावांत रांगा लागतात. म्हणून आमचा हिशेब फक्त संकलनाच्या तासांचा असतो.

सुरक्षेसाठी वेगळं दुकान मांडायची गरज सुरुवातीला नसते. फसलेले लॉगिन, मध्यरात्री अचानक बाहेर जाणारा डेटा, नवीन तयार झालेलं प्रशासक खातं, एवढ्यावर आधी नजर ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. लॉगच नसतील तर सहा तासांत कळवणार काय? आणि सर्व्हरची मोजमापं प्रोमिथियसला पुरवणाऱ्या नोड एक्स्पोर्टर या प्रोग्रामचं ९१०० पोर्ट, म्हणजे त्याचं नेटवर्कवरचं दार, इंटरनेटला उघडं ठेवू नका. राखण करणाऱ्यानेच मागचं दार उघडं ठेवल्यासारखं होतं ते.

खर्चाचं गणित सोपं आहे, करायला कुणी बसत नाही. आठवड्याचे तास १६८. चाचणीचा सर्व्हर पाच दिवस दहा-दहा तास लागत असेल तर पन्नास. उरलेले ११८ तास तो उगाच चालतो. क्लाउडवर मशीन बंद केलं तरी त्याला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, हेही बिलात शोधा. मॉनिटरिंग स्वतःही महाग पडू शकतं: आम्ही एकदा प्रत्येक मोजमापाला सभासद क्रमांकाचं लेबल लावलं आणि प्रोमिथियसची मेमरी काही तासांत संपली, कारण प्रत्येक सभासदासाठी आकड्यांची वेगळी मालिका तयार होत गेली. सभासद लॉगमध्ये शोधायचा, आलेखात संस्थेपर्यंतच थांबायचं.

शिकायला क्लासची फी भरण्याआधी घरातला जुना लॅपटॉप काढा. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका, प्रोमिथियस आणि आलेख दाखवणारं ग्राफाना दोन्ही फुकट मिळतात. डेटाबेसवर चालणारं एखादं छोटं पान त्यावर उभं करा. मुलाखतीत मी डॅशबोर्डची चित्रं बघत नाही. काय बिघडलं, कधी कळलं, कशावरून कळलं, हे सांगता येतं का ते बघते. तुम्हीही समोरच्यांना विचारा की रात्रीचे फोन किती येतात आणि जागरणानंतर सुट्टी मिळते का. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, विशेषतः मुलींनी. माझ्या आईला पहाटेचे फोन समजून घ्यायला वर्ष लागलं.

मग त्या लॅपटॉपवर एक मोठी बिनकामाची फाईल तयार करून डिस्क मुद्दाम भरा. मोबाईल समोर ठेवा, घड्याळ लावा आणि इशारा किती मिनिटांनी येतो ते वहीत लिहा. फाईल उडवा, नियम बदला, पुन्हा भरा.