घरच्या घरी पीसीबी एचिंग मशीन

पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा तांब्याचा थर असलेला बोर्ड, आणि एचिंग म्हणजे त्यावरचं नको असलेलं तांबं रसायनाने खाऊन काढणं. ताटलीत फेरिक क्लोराइड हे तांबं खाणारं द्रावण ओतून बोर्ड हलवत बसलं की कडा आधी खाल्ल्या जातात आणि मधलं तांबं तसंच राहतं. कारण साधं आहे. तांब्याला चिकटलेला द्रावणाचा थर लवकर निकामी होतो आणि ताजं द्रावण तिथवर पोहोचत नाही. उभ्या टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडले की हा थर सतत बाजूला सारला जातो.

टाकीसाठी 5 मिमी जाडीची काच घ्या. आतून 20 सेंमी रुंद, 4 सेंमी खोल आणि 25 सेंमी उंच, एवढं माप पुरे. टाकी अरुंद असली की कमी द्रावणात बोर्ड पूर्ण बुडतो. तुकडे मत्स्यालयाच्या सिलिकॉन सीलंटने जोडा, दोन दिवस वाळू द्या, मग पाणी भरून दिवसभर गळती तपासा. ही तपासणी चुकवू नका. फेरिक क्लोराइडचे डाग फरशीवरून सहज जात नाहीत.

सगळ्यात जास्त लक्ष हवेच्या नळीकडे द्या. मत्स्यालयाचा एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) इथे लवकर खराब होतो आणि बुडबुडेही एकाच जागी सोडतो. त्याऐवजी ठिबक सिंचनाची 4 मिमीची मायक्रोट्यूब घ्या. तापवलेल्या शिवणाच्या सुईने दर सेंटिमीटरला एक बारीक भोक पाडा आणि नळीचं टोक गरम करून दाबून बंद करा. नळी तरंगते, म्हणून तळाला काचेच्या दोन पट्ट्या पुलासारख्या चिकटवून त्यांच्याखालून ती ओवा. भोकं मोठी झाली तर सगळी हवा पंपाकडच्या पहिल्या दोनचार भोकांतूनच निघून जाते. टाकी किंचित कललेली असली तरी बुडबुडे उंच बाजूलाच येतात, तेव्हा ती समपातळीत ठेवा.

पंप द्रावणाच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा. नाहीतर वीज गेल्यावर द्रावण उलटं चढून पंपात शिरतं.

उबेसाठी 50 वॉटचा काचेचा मत्स्यालय हीटर एका कडेला उभा लावा. स्टीलचा हीटर नको, फेरिक क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खातं. हीटरवरच्या किमान पातळीच्या खुणेपर्यंत द्रावण असल्याशिवाय तो चालू करू नका, काच तडकते. असे हीटर साधारण 34 अंशांवर थांबतात. तेवढ्यात काम होतं, पण 40 ते 45 अंशांना वेग बराच वाढतो. त्यासाठी हीटर उघडून छेडछाड करू नका. द्रावणाची बंद प्लास्टिक बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवा. हीटरची जोडणी आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरूनच घ्या, आणि टाकीत हात किंवा चिमटा घालण्याआधी प्लग काढा.

द्रावणाला सव्वा लिटर पाण्यात फेरिक क्लोराइडचे 625 ग्रॅम पिवळसर खडे लागतात. काळी निर्जल पावडर मिळाली तर 375 ग्रॅम पुरते, पण ती पाण्यात पडताच खूप तापते. पाणी आधी घ्या, पावडर चमच्याचमच्याने टाका. पावडरीवर पाणी कधीच ओतू नका. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच.

बोर्डाच्या कोपऱ्याला भोक पाडून तो नायलॉनच्या दोऱ्याने टांगा, पण काचेला टेकू देऊ नका. 35 मायक्रॉनचं तांबं ताज्या, गरम द्रावणात साधारण 10 मिनिटांत निघतं. दर दोन मिनिटांनी पाहा. तांबं निघाल्यावरही बोर्ड आत राहिला, तर टोनरखालच्या (बोर्डावर उमटवलेल्या लेझर प्रिंटरच्या शाईने झाकलेल्या) बारीक रेषा कडेने खाल्ल्या जातात. कुठे तांब्याचा डाग हट्टाने राहिला तर दोष बहुधा मशीनचा नसतो. तिथे बोटाचा तेलकट ठसा असतो. आधी घासणीने बोर्ड चकाकेपर्यंत घासा आणि मग कडेनेच धरा.

मशीन लोखंडी अवजारांपासून लांब ठेवा, तुषारांनी ती गंजतात. वापर झाला की द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत भरा. ॲल्युमिनियमच्या भांड्याला ते लागू देऊ नका, जोरात प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. हिरवं, मंद झालेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यातलं तांबं जलचरांना घातक असतं. ते मोठ्या प्लास्टिक बादलीत घेऊन त्यात धुण्याचा सोडा थोडाथोडा घाला. फेस जोरात येतो, म्हणून बादली अर्धीच भरा. फेस थांबला आणि पीएच पट्टीवर 8 च्या आसपास आकडा आला की गाळ बसू द्या. वाळलेला गाळ पिशवीत बांधून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.