आलेखातला खड्डा स्पीकरचा की फरशीचा?

रूम ईक्यू विझार्ड या ध्वनिमापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीप (खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा चाचणीचा आवाज) घेतलात की आधी इम्पल्स रिस्पॉन्स उघडा, म्हणजे माइकपर्यंत आवाज कधी आणि किती पोचला ते दाखवणारा आलेख. पहिला उंच सुळका थेट आवाजाचा. मागचे छोटे सुळके फरशी, छत, भिंतींवरून आलेले. उजवी विंडो, म्हणजे सुळक्यानंतरचा किती वेळ हिशोबात धरायचा ती मर्यादा, पहिल्या परावर्तनाच्या जरा आधी संपवा. मग वारंवारतेच्या आलेखात तरीही उरलेला खड्डा स्पीकरचा, गेलेला फरशीचा किंवा खोलीचा. स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून 1 मीटर उंच, एकमेकांपासून 1 मीटर दूर असतील तर फरशीवरून येणाऱ्या आवाजाला सुमारे 1.24 मीटर जास्त अंतर पडतं, म्हणजे 3.6 मिलिसेकंद उशीर. एवढ्याशा विंडोत साधारण 280 हर्ट्‌झच्या खालचं काही खरं नाही. तिथली गुळगुळीत रेघ पाहून हुरळू नका. दोन्ही स्टुलावर चढवलीत तर थोडी सवड मिळते, अर्थात मग छत आडवं येतं. बेससाठी, म्हणजे खालच्या सुरांसाठी, विंडो लांबच ठेवा, तिथे खोलीसकटच ऐकायचं असतं.